बुंदीची मानमोडी

तांब्यातलं कोमट पाणी पाठीवर पडलं न पडलं, तोच बुंदीने मान एका बाजूला वळवली, मागचे पाय ताठ केले आणि घमेल्यातच आडवी पडून ती थडथड उडायला लागली. गोकुळच्या हातातला तांब्या सुटला. तो घरंगळत मोरीपर्यंत गेला तरी गोकुळला त्याचं भान नव्हतं.

“यामिनीना पप्पा, हाई काय व्हयनं तिले?” पिठाचे हात तसेच घेऊन त्याची बायको कोकिळा दारात आली.

गोकुळ उकिडवा बसून नुसता बघत होता. थोड्या वेळाने बुंदीचे पाय सैल पडले. तिने डोळे मिचकावले, अंग झटकलं आणि काही झालंच नाही अशी उठून बसली. पण गोकुळला जे दिसायचं होतं ते दिसून गेलं होतं.

“मानमोडी,” तो म्हणाला. “मानमोडी लागनी तिले.”

मानमोडी हा कोंबड्यांचा रोग. त्यात पक्ष्याची मान पिळवटते, तो जागच्या जागी गिरक्या घेतो, पडतो, आणि एक पडला की सगळी शेड रिकामी व्हायला वेळ लागत नाही. गोकुळ मूळचा कोरीटचा, पण मिसरूड फुटायच्या आत नवापूरला पोल्ट्रीच्या कामाला आला आणि इथलाच होऊन गेला. कोंबडी पिंजऱ्यात उभी कशी राहते एवढ्यावरून ती उद्या अंडं देणार की नाही हे तो सांगायचा, आणि शेठ त्याच्या शब्दावर खोकी मागवायचा. असल्या माणसाला मानमोडी ओळखता येत नाही म्हणजे काय? अडचण एवढीच होती की बुंदी कोंबडी नव्हती.

बुंदी होती गिनिपिग. नावात डुक्कर असलं तरी डुकराशी तिचं काही नातं नाही आणि शेपूट नसल्यामुळे उंदरातही तिला कोणी घेत नाही. गल्लीतले लोक तिला ‘बिनशेपटीना उंदीर’ म्हणत. असे तीन होते. पांढरा, अंगाने भरलेला तो मांडा. काळपट तो कळणा. आणि बदामी अंगावर तपकिरी ठिपके असलेली ही बुंदी. नावं यामिनीने ठेवलेली, तिन्ही खाण्याच्या पदार्थांवरून. गोकुळची ही एकुलती एक पोर. बारावीला असताना सुरतच्या मावशीकडून ती तिघांना बुटांच्या खोक्यात घालून घेऊन आली. पुढे नर्सिंगला नंबर लागला आणि नाशिकला निघून गेली. होस्टेलमध्ये जनावर चालत नाही. एसटीत बसताना तिने बापाला सांगितलं, “पप्पा, ह्या तिन्ही तुमना हातमा देस. तुम्हनाशिवाय कोणले जमाव नही.”

तिथेच खरं तर गोकुळ अडकला होता. कारण त्या हातांवर त्याचा स्वतःचाच भरवसा राहिलेला नव्हता.

त्याचं असं झालं होतं. यामिनी सातवीत असताना नवापूरच्या पोल्ट्रीत साथ आली. नुसती बातमी नव्हे, पांढरे झगे घातलेली माणसं आली, गाड्या आल्या, पोकलेन आलं आणि शेडच्या मागे लांबच लांब खड्डा खणला गेला. रोगी पक्षी किती आणि धडधाकट किती, हा प्रश्नच नव्हता. एकाला झालं म्हणजे सगळ्यांना. तो नियम होता आणि साथ आवरायची तर दुसरा इलाज नव्हता हे गोकुळलाही कळत होतं. पण झगेवाली माणसं बघून कोंबड्या इतक्या बावरल्या की पिंजऱ्यात एकमेकींवर आदळून पंख मोडून घ्यायला लागल्या. तेव्हा कुणीतरी म्हणालं, गोकुळ, तू जरा यांना शांत कर.

गोकुळची एक हाक होती. जीभ टाळूला लावून तो ‘टुक टुक टुक’ करायचा. रोज खाद्य घालताना शेडच्या तोंडाशी उभं राहून त्याने ही हाक दिली की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या माना पिंजऱ्यातून बाहेर यायच्या. त्या दिवशीही त्याने ती दिली. त्या दिवशीही सगळ्या माना बाहेर आल्या. पुढचं सांगायला नको.

नंतर शेड पुन्हा भरल्या, धंदा पुन्हा उभा राहिला, कारण पोट थांबत नाही. गोकुळ मात्र शेडमध्ये पुन्हा गेला नाही. शेठने त्याला फाटकावर ठेवलं. येणाऱ्या गाड्यांच्या चाकांवर औषध फवारायचं, माणसांचे बूट बुडवून घ्यायचे आणि रोगाला बाहेरच अडवायचं, हे त्याचं काम. घरी त्याने साधी कोंबडीही पाळली नाही. ती हाक तर त्या दिवसानंतर त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकली नव्हती. आणि अशा माणसाच्या हातात पोरीने तीन जीव देऊन ठेवले होते.

आता मजा बघा. महिन्याभरापूर्वी बुंदीच्या पाठीवरचे केस जायला लागले तेव्हा गोकुळ अजिबात घाबरला नव्हता. कोंबडी वर्षातून एकदा जुनी पिसं टाकते, तशी ही केस टाकत असणार, असं त्याने कोकिळाला छातीठोकपणे सांगितलं. केस गेले, मग त्याखाली पिवळट कोंडा धरला, मग कातडी जाड होऊन तिला भेगा पडल्या. बुंदी दिवसभर मागच्या पायाने खाजवत बसायची, इतकी की नखांनी रक्त काढायची. कोकिळाने करंजाचं तेल लावून बघितलं. मग शेजारच्या एस्तेरबाईंकडून बकऱ्यांच्या गोचिडाच्या औषधाची बाटली मागून आणली. ती मात्र गोकुळने फळीवर ठेवून दिली. शेडच्या कामात वजन न बघता औषध द्यायचं नसतं, एवढं त्याच्या अंगात मुरलं होतं. निदान कोमट पाण्याने धुवून बघू म्हणून तो त्या सकाळी बसला, आणि हे असं झालं.

“चला मंग डॉक्टरकडे,” कोकिळा म्हणाली. “मॅडमले दखाडा.”

“डॉक्टर उना का खड्डा उना,” गोकुळ म्हणाला. “तुले माहीत नही का? आज बुंदी, मंग मांडा, कळणा. बठ्ठासले लई जातीन. फाटकवर काम करस मी. शेठले समजनं ना का मन्ह्या घरमा रोग शे, तं मन्हं बी फाटक बंद.”

“आनि पोरले काय सांगशात?”

त्याने पिंजऱ्यावर पोतं टाकलं आणि मागचं दार लावून घेतलं.

पोरीला काय सांगायचं हा प्रश्न त्याच संध्याकाळी आला. यामिनीचा फोन दर एक दोन दिवसांनी यायचा आणि आईबापाची चौकशी उरकून ती लगेच मुद्द्यावर यायची.

“पप्पा, बुंदी कशी शे?”

“बरी शे.”

“व्हिडिओवर दखाडा ना.”

“आते झोपेल शे ती,” गोकुळ म्हणाला.

“कालदिन बी झोपेल व्हती.”

“थंडी पडनी ना बेटा. थंडीमा झोपतस.”

फोन ठेवल्यावर कोकिळा त्याच्याकडे बघत राहिली. एवढा सरळ माणूस, आणि पोरीशी खोटं बोलला. तिने ताटात भाकरी जरा जोरात आदळली.

दुसऱ्या दिवशी गोकुळने घरामागच्या मोकळ्या तुकड्यात कुदळ घातली. फाटकावरून येताना पिशवीत चुना आणला होता. खड्डा लहानसाच, पण त्याने तो नीट चौकोनी खणला, कडा तासून घेतल्या. जे करायचं ते दुसऱ्या कोणाच्या हातून नको, एवढंच त्याच्या मनात होतं. खणताना सदऱ्याच्या बाह्यांमधून हात खाजवत होता आणि आपण खाजवतोय हे त्याच्या लक्षातही येत नव्हतं.

एस्तेरबाईच्या मात्र लक्षात आलं. ही बाई मूळची सीमेवरच्या डोंगरातली. आश्रमशाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची आणि कुणाच्या घरात शिरताना दार कधी वाजवायची नाही. ती आली होती बाटली मागायला.

“कोकिळाताई, माझी गोचिडाची बाटली द्या, बकरी पार बेजार झाली,” असं म्हणत ती मागच्या अंगणात आली आणि खड्ड्यापाशी थांबली. “हे काय भाऊ, संडास बांधता का?”

“नाही,” गोकुळ म्हणाला.

“मग?”

एस्तेरबाईने खड्डा बघितला, चुन्याची पिशवी बघितली, पोतं टाकलेला पिंजरा बघितला. मग सरळ पुढे होऊन तिने गोकुळचं मनगट धरलं आणि बाही वर सारली. कोपरापर्यंत बारीक लाल पुरळ उठलं होतं.

“हे कधीपासून?”

“असंच. फवाऱ्याच्या औषधाने होतं.”

“फवाऱ्याचं औषध तुम्ही इतकी वर्षं मारता, तेव्हा नाही झालं ते. बुंदीला मांडीवर घेता ना? हाताच्या आतल्या बाजूलाच आहे, जिथे ती बसते तिथे.” तिने पोतं उचललं. बुंदीकडे नीट बघितलं आणि कपाळावर हात मारला. “अहो भाऊ, आमच्या पोरींना खरूज झाली की अशाच दिसतात. खाजवून खाजवून रडकुंडीला येतात. ही खाज आहे. मानमोडीत कधी माणसाच्या हाताला पुरळ येतं का?”

गोकुळ जागचा हलला नाही. पण त्याच्या मनात काहीतरी सरकलं. बाई डॉक्टर नव्हती, तिचं सगळंच खरं असेल असं नाही. तरी एवढा सवाल बिनतोड होता. मानमोडीत माणसाला खाज सुटलेली त्याने खरंच कधी ऐकली नव्हती.

“मॅडमकडे न्या तिला,” एस्तेरबाई म्हणाली. “आणि खड्डा बुजवा आधी. कोणी पडेल.”

तो गेला. खरं सांगायचं तर त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता आणि सकाळी टोपलीत फडकं अंथरून त्याने बुंदीला ठेवलं. मांडा आणि कळण्याला त्याने पोत्याखाली तसंच ठेवलं. गेली तर एक जाईल, दोन तरी राहतील, असा त्याचा हिशोब.

जनावरांच्या दवाखान्यात गर्दी होती. कुणाचा बैल लंगडत होता, कुणाची शेळी फुगली होती. गोकुळ टोपली पोटाशी धरून भिंतीला टेकून उभा राहिला. आत डॉक्टर रमिला पाडवी काम करत होत्या. अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या, वयाने लहान, बोलायला भरभर, आणि बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालताना त्यांना ज्यांनी पाहिलं होतं त्या बायका जरा दबूनच असत. गोकुळचा नंबर आला तेव्हा त्यांनी फडकं बाजूला केलं आणि एकदम हसल्या.

“अरे वा. गिनिपिग. नवापूरला माझ्याकडे आलेलं हे पहिलंच.”

“मॅडम, हिला मानमोडी आहे,” गोकुळ म्हणाला.

“मानमोडी? कोणी सांगितलं?”

“मीच बघितलं. मान वळवते, पडते, झटके येतात.”

मॅडमनी हसणं बंद केलं. बुंदीला त्यांनी टेबलावर घेतलं. पाठीवरचा उघडा पट्टा बघितला, कानामागे बघितलं, मांड्यांच्या आतल्या बाजूला बघितलं. मग पाठीच्या भेगाळलेल्या कातडीवर बोटाने अगदी हलकेच खाजवलं. त्याबरोबर बुंदीने मान वळवली, मागचा पाय हवेत झाडायला लागली आणि आडवी झाली. गोकुळने डोळे मिटून घेतले.

“उघडा डोळे,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी बोट काढून घेतलं होतं आणि तिच्या अंगावर फडकं घातलं होतं. हळूहळू थरथर थांबली. “बघितलंत? मी हात लावला तेव्हा सुरू झालं, सोडल्यावर थांबलं. तुम्ही धुवायला घेतलं असेल तेव्हा झालं ना?”

गोकुळने मान हलवली.

“हा मेंदूचा रोग नाही. ही खाज आहे. इतकी खाज की तिला ती सोसवत नाही आणि अंगाला झटके येतात. कातडीच्या आत किडे आहेत, डोळ्यांना दिसत नाहीत असे. केस जातात, कोंडा धरतो, कातडी जाड होते, हे सगळं त्यांचंच काम. तुमच्या हातावर आहे तेही त्यांचंच. माणसावर ते टिकत नाहीत, जनावर बरं झालं की तुमचंही जाईल. नाही गेलं तर माणसांच्या डॉक्टरला दाखवा.” त्यांनी एक पातं घेऊन पट्ट्याच्या कडेचा कोंडा काचेवर खरवडला. “कधी कधी सापडत नाहीत. नाही सापडले तरी औषध द्यायचंच. पण बघू या.”

कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या बराच वेळ काच इकडेतिकडे सरकवत होत्या. दारात शेळीवाला खाकरून आपण उभे असल्याचं कळवत होता. मग त्या उठल्या आणि गोकुळला म्हणाल्या, “या. बघा.”

गोकुळने डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडात एक गोलमटोल, आखूड पायांचं काहीतरी दिसलं, आणि ते हललं. साथीच्या वर्षी त्याने एवढं मोठं मरण बघितलं होतं, पण ते कशाने आलं ते त्याला कोणी दाखवलं नव्हतं, दाखवण्यासारखं ते नव्हतंही. इथे मात्र रोग काचेवर समोर होता, पाय हलवत होता, आणि खरं सांगायचं तर दिसायला अगदीच फालतू होता.

“एवढासा?” तो म्हणाला.

“एवढासा,” मॅडम म्हणाल्या. “याला औषध आहे. वजनाप्रमाणे अगदी थोडं, सुईने कातडीखाली द्यायचं. जास्त झालं तर जनावरच जाईल, म्हणून आधी वजन. गोचिडाचं वगैरे काही लावलं नाहीत ना?”

“आणलं होतं. लावलं नाही.”

“वाचली मग. अंग चाटते ती, पोटात गेलं असतं.” त्यांनी फोन काढून परळच्या कॉलेजातल्या आपल्या सरांना लावला, एवढ्याशा जनावराला किती द्यायचं ते पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली, आणि फोन ठेवता ठेवता सहज विचारलं, “किती आहेत घरी?”

गोकुळने रिकामी टोपली पोटाशी ओढली.

“एकच,” तो म्हणाला.

“एकटीच आहे? मग सोपं आहे. नाहीतर एकाला झालं म्हणजे सगळ्यांना द्यावं लागतं.”

हे शब्द त्याने आधी ऐकले होते. एकाला झालं म्हणजे सगळ्यांना. हाताला टेबलाची कड लागली ती त्याने घट्ट धरली.

“काय द्यावं लागतं?” त्याने विचारलं.

मॅडमना प्रश्नच कळला नाही. “काय म्हणजे? औषध.”

गोकुळच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुचेना. शेळीवाला बिचारा मान खाली घालून बाहेर गेला. मॅडमनी पटकन एक खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही.

“मॅडम, खोटं बोललो,” तो म्हणाला. “आणखी दोन आहेत घरी. चांगले आहेत, खाजवत नाहीत अजून.”

“मग पळा आणि त्यांनाही घेऊन या. खाजवत नसले तरी आणा.”

आणि बुंदीला मॅडमकडे ठेवून गोकुळ पळाला. पन्नाशीचा माणूस, नवापूरच्या बाजारातून टोपली सावरत असा पळत सुटलेला कोणी बघितला नसेल. भाजीवाल्या हसल्या, रिक्षावाल्याने हॉर्न मारला. त्याचं कशाकडे लक्ष नव्हतं. घरात शिरताच तो ओरडला, “कोकिळा, पिंजरा लय. बठ्ठासले औषध दी ऱ्हायनी ती.” सगळ्यांना औषध, हे वाक्य त्याने वाटेत स्वतःशीच किती वेळा म्हटलं होतं, देव जाणे.

तिघांनाही औषध मिळालं. मॅडमनी बुंदीची नखं कापली. आवळा, पेरू, कोथिंबीर द्यायला सांगितलं, कारण या जनावराच्या अंगात त्यातलं ‘क’ जीवनसत्त्व आपोआप तयार होत नाही आणि ते कमी पडलं की कातडी भरून येत नाही. आणि पुन्हा काही दिवसांनी आणायचं, त्यानंतर आणखी एकदा, अगदी बरी दिसली तरी.

“बरी दिसली तर कशाला?” कोकिळाने घरी विचारलं.

हे मात्र गोकुळला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. “औषध दिधं का किडा मरतस,” तो म्हणाला. “अंडा नही मरतस. अंडा फुटनात का पुन्हा औषध.” अंड्यांचं गणित त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्यानंतर गोकुळने घरात जे केलं ते बघून कोकिळाला हसावं की रडावं कळेना. फाटकावर शिकलेली सगळी विद्या त्याने पिंजऱ्यावर काढली. पिंजरा उकळत्या पाण्याने धुतला, उन्हात तापवला, पुन्हा धुतला. जुना भुसा आणि पोतं घरामागच्या खड्ड्यात टाकून पेटवून दिलं. खड्डा कामाला आला म्हणायचा. मांडीवर घालायची चादर रोज वेगळी. घरात येणाऱ्याने आधी हात धुवायचे, मग बोलायचं.

“मला तरी आत येऊ द्या,” एस्तेरबाई दारातून म्हणाली.

“हात,” गोकुळ म्हणाला.

“माझ्या बकरीला हात लावताना मी नाही धुवत कधी.”

“म्हणून ती बेजार आहे,” गोकुळ म्हणाला, आणि पहिल्यांदाच एस्तेरबाईला दुसरा शब्द सुचला नाही.

पण सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. औषधानंतरच्या दिवसांत बुंदीला पुन्हा झटका आला, आणि आधीपेक्षा मोठा. किडे मरता मरता आधी खाज वाढते, हे मॅडमनी सांगून ठेवलं होतं, तरी डोळ्यांसमोर ते बघणं सोपं नव्हतं. कोकिळाने तोंडाला पदर लावला. गोकुळचा हात पुढे गेला आणि मधेच थांबला. हात लावायचा नाही. अंधार करायचा, फडकं घालायचं आणि वाट बघायची. तो फडकं घालून जमिनीवर पिंजऱ्याशेजारी आडवा झाला आणि आतली धडपड ऐकत राहिला. मागे अंगणात खड्डा अजून होताच, आणि त्या वेळी त्याला तो आठवला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. पण तो उठला नाही. थोड्या वेळाने आत कोथिंबीर कुरतडल्याचा बारीक आवाज यायला लागला.

“खाई ऱ्हायनी,” तो कुजबुजला.

तो शेवटचा झटका. दुसऱ्या सुईला मॅडमनी पाठीवर बोट फिरवलं तेव्हा बुंदी नुसती कान हलवून राहिली. कोंडा गळून पडला, भेगा मिटल्या आणि एका सकाळी उघड्या पट्ट्यावर उजेडात धरल्याशिवाय दिसणार नाही अशी लव दिसली. अंड्यातून निघालेल्या पिलाच्या अंगावर असते तशी. गोकुळने कोकिळाला हाक मारली, एस्तेरबाईला मारली, आणि हात धुवायला लावून दोघींना दाखवली. मांडा आणि कळण्याला तर रोग शिवलाच नाही. गोकुळच्या हातावरचं पुरळही कधी गेलं ते कळलं नाही.

तिसऱ्या सुईनंतर मॅडम म्हणाल्या, “आता येऊ नका. म्हणजे या, पण दाखवायला.” मग त्यांनी विचारलं, “फाटकावर असता ना तुम्ही? शेठला सांगितलंत?”

“सांगितलं,” गोकुळ म्हणाला. त्याने पहिल्या सुईच्याच दिवशी सांगितलं होतं. शेठने आधी तोंड वाकडं केलं, मग मॅडमना फोन लावून कोंबड्यांना याची बाधा नाही हे विचारून घेतलं, आणि घरचे कपडे घालून फाटकावर यायचं नाही एवढी अट घालून विषय संपवला. गोकुळला जिची भीती होती ती गोष्ट एवढ्यात मिटली.

त्या खड्ड्यात आता राखेवर माती घालून आवळ्याचं रोप लावलंय. फळ यायला वर्षं लागतील, तोवर बाजार आहेच.

आणि रविवारी सकाळी, अंगणात ऊन आलेलं असताना, गोकुळने स्वतःहून यामिनीला व्हिडिओ लावला. पिंजरा उन्हात होता, दार उघडं होतं, पण तिघंही भुशात मागे बसलेली.

“पप्पा, दिसी नही ऱ्हायनं. बुंदी कोठे शे? पुन्हा झोपेल शे का?” पोरीच्या आवाजात धाकधूक होती. बाप एवढे दिवस काय लपवतोय हे तिला कळत नव्हतं अशातला भाग नव्हता.

“थांब,” गोकुळ म्हणाला.

त्याने फोन कोकिळाच्या हातात दिला. कोथिंबिरीची जुडी घेतली. पिंजऱ्यासमोर उकिडवा बसला. तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. कोकिळा बघत होती. मग त्याने जीभ टाळूला लावली.

टुक टुक टुक.

आत खसफस झाली. आधी मांडा आला, त्याच्या अंगावरून कळणा, आणि दोघांना ढकलून पुढे घुसली बुंदी, अंगभर ठिपकेदार केस, पाठीवर जरा आखूड. तिघांनी माना बाहेर काढल्या आणि शिट्ट्यांसारखा असा कल्ला केला की नाशिकला फोनचा आवाज कमी करावा लागला.

पलीकडे यामिनी हसली आणि हसता हसता गप्प झाली. तिला काहीतरी आठवत होतं.

“पप्पा,” ती म्हणाली, “हाऊ तं कोंबड्यासना आवाज शे ना?”

“व्हय,” गोकुळ म्हणाला.

त्याने कोथिंबिरीच्या काड्या तिघांत वाटल्या, बुंदीला एक जास्त दिली, आणि पुन्हा एकदा, आता जरा मोठ्याने, ती हाक दिली.